नवा फ्लॅट की रिसेल, आमचं काही केल्या जमत नाहीये

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समुपदेशनाला आलेलं जोडपं दारातून आत येतानाच मला अंदाज येतो. आधी सांगतात वेगळंच, सासूबाई, ऑफिसची वेळ, चिडचिड, आणि मग कळतं की दर रविवारी दोघं फ्लॅट बघायला जातात आणि परत येताना गाडीत एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून एका जोडप्याचं लिहितेय, त्यांना विचारून, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

नेहा आणि निखिल. पस्तिशीतले, मुलगी पहिलीत, पुण्यात धायरीला भाड्याने राहायचे. बजेट साधारण 90 लाख. नेहाला पुनावळ्यातल्या एका टॉवरमधला टू बीएचके आवडलेला, काम चालू, पझेशन अडीच वर्षांनी. निखिलला कोथरूडच्या जुन्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर आंब्याचं झाड.

पहिल्याच दिवशी निखिलने मोबाईलवर एक्सेल उघडलं. "मॅडम, काम चालू असलेल्या घराला 5 टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार लाख नुसतेच गेले, रिसेलला तो नाहीच. वर अडीच वर्षं भाडं पण भरा आणि बँकेचं व्याज पण." नेहा म्हणाली, "आणि जुन्या घराचं प्लंबिंग, वायरिंग, किचनचा ओटा? सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का तेही कुणी नीट सांगत नाही." दोघांचंही बरोबर होतं. दोन्ही माणसं बरोबर असतात आणि तरी सहा महिने भांडण संपत नाही तेव्हा मी एक्सेल बंद करायला सांगते.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर काम करणारी बाई आहे. घटना जेवढी छळते त्यापेक्षा घटनेकडून आपण जो हट्ट धरतो तो जास्त छळतो, हे मला इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि मराठीत हा हट्ट पकडणं सोपं आहे, तो एका अक्षरात बसतो, च. "नवं हवं" आणि "नवंच हवं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी दोघांना कागद दिले, घर कसं हवं ते लिहा म्हटलं. नेहाच्या कागदावर सात च होते, निखिलच्या पाच. मी पेन दिलं आणि म्हटलं, आता एकेक च खोडा, आणि जो खोडताना हात अडेल तिथे थांबा.

नेहाचा हात "आधी कुणी राहिलेलं नसलंच पाहिजे" इथे अडला. बराच वेळ ती नुसती त्या अक्षराकडे बघत बसली. मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायला शिकावं लागतं, मला त्याला बरीच वर्षं लागली. मग ती म्हणाली, "मॅडम, मला सातवीपर्यंत नवा फ्रॉक माहीत नव्हता. सगळे आतेबहिणीचे. बगलेत तिच्या मापाची शिलाई उसवलेली दिसायची. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातली जुनी, त्यावर कुणाचं तरी नाव खोडून माझं लिहिलेलं." आणि मग रडायलाच लागली. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने कुणाच्या तरी मुलाची उंची मांडलेली होती, तारखांसकट. निखिलला ते बघून घर आवडलं होतं. नेहाला पुन्हा तो फ्रॉक दिसला होता.

निखिल एकदम म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "मलाच कुठे माहीत होतं."

निखिलचा हात "आत्ताच पाहिजे"वर अडला. त्याच्या वडिलांनी एका बिल्डरकडे बुकिंग केलं होतं, तो प्रोजेक्ट रखडला तो रखडलाच, आणि हे कुटुंब अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर पाच घरं फिरलं. प्रत्येक वेळी टेम्पोत पुढे बसायचं काम निखिलचं, मांडीवर देवघर घेऊन. त्याला जुनं घर नको होतं की नवं नको होतं असं काही नव्हतंच, त्याला उभं असलेलं घर हवं होतं. तिला कुणाचं नाव खोडून न मिळालेलं हवं होतं. हे दोन वाक्यांत दोघांसमोर ठेवलं तेव्हा खोलीतली हवा बदलली, आणि खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला समाधान वाटलं.

च गेला की माहिती कामाला येते, त्याआधी ती नुसती हत्यार असते. मग आम्ही दोन सेशन शांतपणे भीतीसमोर माहिती मांडली. निखिलची भीती तुमचीही असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, नोंदवलेली पूर्ण होण्याची तारीख बघा, ती किती वेळा पुढे गेलीय तेही बघा, आणि करार रजिस्टर होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर रक्कम देऊ नका, बिल्डरला ती कायद्याने घेताच येत नाही. ताबा मिळाल्यावर 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्यावर. तयार पण न विकलेला, भोगवटा पत्र (राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला फ्लॅट हा मधला रस्ता आहे, त्याला जीएसटी नाही, लोक हा विसरतातच.

रिसेलची भीती असेल तर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), आधीच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र मागा, वकिलाकडून मालकी आणि बोजा तपासणारा सर्च रिपोर्ट करून घ्या, सोसायटीने हस्तांतर फी 25,000 च्या वर मागितली तर नियम विचारा. स्टॅम्प ड्युटी पुणे शहरात दोन्हीकडे सारखीच, साधारण 7 टक्के, त्यावरून भांडू नका. आणि वॉचमनला विचारा मे महिन्यात टँकर किती येतात, ब्रोशरमध्ये ते नसतं. दुरुस्तीची रक्कम आधीच घराच्या किमतीत धरा, "नंतर बघू" म्हणाल तर वर्षभर त्यावरूनच वाजेल.

अशाच दुसऱ्या एका जोडप्याने याच सगळ्यातून जाऊन नवीन टॉवर घेतला आणि छान आहेत, त्यामुळे माझ्याकडे आलं की रिसेल घ्यायला सांगतात असं समजू नका. मी घर सुचवत नाही.

नेहा-निखिलने कोथरूडचं घेतलं. नेहाची अट एक होती, राहायला जायच्या आधी तीन लाख बाजूला काढायचे, आणि दारं, चौकटी, ओटा सगळं तिच्या पसंतीने बदलायचं. निखिल लगेच हो म्हणाला, पूर्वीचा निखिल तीन लाखांवर अर्धा तास बोलला असता.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. सुताराने ती पेन्सिलवाली चौकट काढली, टाकून द्यायला निघाला तर नेहानेच थांबवलं आणि आधीच्या मालकीणबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा घेऊन आल्या, उंचीच्या खुणा असलेला तेवढा तुकडा सुताराकडून कापून घेतला, साडीच्या पदराने पुसला आणि घेऊन गेल्या.