'ऑल्दो'च्या पाठोपाठ 'बट' का चालत नाही?

परळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सातवीतल्या मुलीनं 'ऑल्दो द ट्रेन वॉज लेट, बट वुई रीच्ड दादर ऑन टाइम' असं लिहिलं आणि बाईंनी 'बट' लाल पेनानं खोडला. 'जरी'ला 'तरी' लागतोच, मग चुकलं काय? आणि ही उभयान्वयी अव्ययं लक्षात कशी ठेवायची?

ताई, मुलीचं मराठी पक्कं आहे, म्हणूनच ही चूक झाली. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा अशा जोड्या आपल्या कानात बसलेल्या असतात. पण घरात आपण बोलतो कसं, ते ऐका. 'गाडी उशिरा आली तरी वेळेवर पोचलो.' 'पाऊस थांबला तर निघू.' 'दादर आलं तेव्हा जाग आली.' जरी, जर, जेव्हा तिन्ही गळाले आणि काही अडलं नाही. आता 'तरी' गाळून पाहा: 'जरी गाडी उशिरा आली, वेळेवर पोचलो.' लगेच खटकतं. मराठीत वाक्याचा भार जोडीतल्या दुसऱ्या शब्दावर असतो.

इंग्रजीत तो पहिल्यावर असतो. इफ, ऑल्दो, व्हेन राहतात. 'तर'साठी देन आला तर आला, नाही तर नाही. मुलीला एवढंच सांगा: दुसरा मराठीचा, पहिला इंग्रजीचा. मला तरी हे फार सुंदर वाटतं, की दोन्ही भाषा जोडीतला एकेक शब्द गाळतात, फक्त उलट टोकाचा.

'बट' हवाच असेल तर 'ऑल्दो' काढावा. 'द ट्रेन वॉज लेट, बट वुई रीच्ड दादर ऑन टाइम' हे बिनचूक आहे. 'बट' दोन वाक्यांना बरोबरीनं जोडतो, 'ऑल्दो' एकाला दुसऱ्याच्या आधारानं उभं करतो. दोन्ही एकदम कसं होणार?

क्लासमध्ये 'फॅनबॉइज' पाठ करून घेतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो यांची आद्याक्षरं. बरोबरीनं जोडणाऱ्या सात शब्दांची यादी म्हणून ते ठीक, पण आपल्या मुलांची ही चूक त्यानं सुटत नाही.

कुणी म्हणेल, 'ऑल्दो'च्याच अर्थाच्या 'दो'नंतर 'येट' वाचलेला आहे. खरं आहे. 1611च्या इंग्रजी बायबलात ही जोडी सापडते. आज ती जुन्या वळणाची वाटते. शाळेच्या वहीत टाळलेली बरी. इदर–ऑर, नायदर–नॉर या जोड्या मात्र आजही पूर्णच लागतात.

जाता जाता 'अनलेस'. 'तू आली नाहीस तर' यातला 'नाही' त्याच्या पोटातच असतो. म्हणून 'अनलेस यू कम' म्हणायचं, 'अनलेस यू डोन्ट कम' नाही. बाईंचं लाल पेन पुढच्या खेपेला बहुधा इथेच थांबेल, तेव्हा हे आजच सांगून ठेवा.