गॉब्लिनवरून पुस्तकाची परीक्षा

प्रिय मित्रा,

तू डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या त्या फाशांच्या खेळाचं, स्वतःचं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी कथा) चालवायला घेतो आहेस हे वाचून मनापासून आनंद झाला. मॉन्स्टरचं एकच पुस्तक घेण्याइतके पैसे आहेत, तर कुठलं घेऊ, असं विचारलं आहेस. तू पाठवलेल्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे त्यात किती मॉन्स्टर आहेत तो आकडा आहे. तो रकाना आधी खोडून टाक. वर्षभराच्या खेळात तीस-चाळीस प्रकारचे मॉन्स्टर टेबलावर आले तरी खूप झाले. बाकीचे पानातच राहतात.

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी या पुस्तकांची परीक्षा गॉब्लिनवरून, म्हणजे टोळीने राहणाऱ्या त्या बुटक्या दुष्ट प्राण्यावरून, करावी. ड्रॅगनवर सगळेच लेखक जीव ओततात, चित्रकारही. पहिल्या लेव्हलच्या पार्टीसमोर, म्हणजे नवख्या पात्रांच्या गटासमोर, जो पुन्हा पुन्हा येणार, त्या किरकोळ प्राण्यावर किती मेहनत घेतली आहे ते बघ. तो कुठे राहतो, किती जण असतात, त्याला काय हवं असतं आणि मारामारी सुरू झाली की तो पहिल्यांदा काय करतो, एवढं त्या पानावरून कळलं पाहिजे.

उदाहरणादाखल १९७७ चं गॅरी गायगॅक्सचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' बघ. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं पुठ्ठाबांधणीतलं ते पहिलं पुस्तक. गॉब्लिनची नोंद छोटी आहे, पण संख्या बघ: ४० ते ४००. दर ४० जणांमागे एक म्होरक्या आणि त्याचे चार साथीदार. त्यांना उन्हाचा तिटकारा, उजेडात लढताना त्यांचे फासे कमी पडतात. ड्वॉर्फ आणि नोम (खेळातल्या दोन बुटक्या जमाती) दिसले की बाकी सगळे सोडून आधी त्यांच्यावर धावून जातात. जमिनीखालचं नवं बांधकाम त्यांना कधी कधी ओळखू येतं, कारण ते बऱ्यापैकी खाणकाम करतात. एवढ्या ओळींवर तुझी दोन सेशन उभी राहतात: चारशे गॉब्लिनशी कोणी लढत नाही, त्यांच्या वस्तीत दुपारच्या उन्हात शिरायचं असतं, आणि पार्टीतल्या ड्वॉर्फला मागे ठेवायचं की आमिष म्हणून पुढे करायचं, यावर टेबलावर वाद झालाच पाहिजे.

१९८९ मध्ये खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकांनी सुट्या पानांची फाइल काढली, 'मॉन्स्ट्रस कंपेंडियम'. कल्पना छान होती: नवी पानं येतील तशी अक्षरानुक्रमे लावत जायची. पण एकाच कागदाच्या पाठीपोटी दोन वेगळे मॉन्स्टर छापलेले असायचे, मग नवं पान मधे घालणार कसं? १९९३ मध्ये त्याचं बांधीव पुस्तक झालं, 'मॉन्स्ट्रस मॅन्युअल', आणि माझ्या मते या सगळ्या पुस्तकांत वाचायला सगळ्यात समृद्ध तेच. प्रत्येक नोंदीत हवामान आणि प्रदेश, दिनक्रम, आहार, टोळीची रचना अशा ओळी आहेत, आणि खाली लढाई, वस्ती-समाज आणि परिसर असे तीन भाग. गॉब्लिन उंदरापासून माणसापर्यंत काहीही खातात आणि जिथे राहतात तिथली शिकार संपवून तो भाग नासवून टाकतात, हे तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे जंगलातली हरणं नाहीशी झाली म्हणून गावचा शिकारी पार्टीकडे येतो. तुझ्या कॅम्पेनची सुरुवात त्या एका ओळीत आहे.

२००८ चं चौथ्या आवृत्तीचं पुस्तक याच्या अगदी उलट. वर्णन जेमतेम, पण मारामारीचा विचार मात्र फार बारकाईने केलेला. एकाऐवजी अनेक गॉब्लिन: एका फटक्यात मरणारे, लांबून नेम धरणारे, लपून घाव घालणारे, मंत्र टाकणारा. त्यांचं समान वैशिष्ट्य असं की जवळून केलेला तुमचा वार चुकला की गॉब्लिन लगेच नकाशावर एक चौकोन सरकतो. तीन राउंडमध्ये खेळाडू वैतागतात आणि गॉब्लिन म्हणजे काय ते त्यांना कोणी न सांगता कळतं. या पुस्तकावर लोकांनी फार टीका केली, पण लढाई रंगवायची कशी हे मी जितकं त्यातून शिकलो तितकं दुसऱ्या कुठल्याही पुस्तकातून नाही.

२०१४ चं पाचव्या आवृत्तीचं पुस्तक मधल्या वाटेने जातं. त्यातला गॉब्लिनांचा म्होरक्या आपल्यावर वार आला की शेजारच्या गॉब्लिनशी जागा बदलतो आणि तो वार त्याच्यावर ढकलतो. या एका चालीत त्या टोळीचा सगळा स्वभाव आला. मात्र किती जण असतात याची जुनी ओळ गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये पाचशेहून जास्त मॉन्स्टर आहेत, राहण्याची जागा आणि खजिना या ओळी परत आल्या आहेत, याचं मला समाधान आहे. पाथफाइंडर या याच धाटणीच्या दुसऱ्या खेळातले गॉब्लिन वेगळेच: आगीचं वेड, गाणी म्हणणारे आणि लिहिण्याला घाबरणारे, कारण लिहिलं की डोक्यातले शब्द चोरीला जातात असं त्यांना वाटतं. कोबोल्ड प्रेसचं २०१६ चं 'टोम ऑफ बीस्ट्स' चांगलं आहे, पण ते खेळाडूंना नेहमीचे मॉन्स्टर पाठ झाल्यावर घे.

एक सावधगिरी. वेगवेगळ्या पुस्तकांतले आकडे एकमेकांत मिसळू नकोस. १९७७ च्या गॉब्लिनचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा) ६ आहे, २०१४ च्या गॉब्लिनचा १५. जुन्या पद्धतीत एसी जितका कमी तितका बचाव पक्का, नव्यात जितका जास्त तितका. जुन्या पुस्तकातून स्वभाव घे, आकडे तू खेळतोस त्याच आवृत्तीचे वापर.

'राक्षस' नावाच्या मॉन्स्टरबद्दल विचारलं होतंस. १९७७ पासून तो या पुस्तकांत आहे, मूळ भारतातला म्हणून. चित्रात वाघाचं डोकं, अंगात झगा, तोंडात पाइप. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की मरतो. त्यातला बहुरूपीपणा आपल्या ओळखीचा आहे, मारीचाची आठवण व्हावी असा: मन वाचून समोरच्याला विश्वासू वाटेल असं रूप घ्यायचं. तेवढं जरूर घे. पण टेबलावर आणायला मला बकासुर कितीतरी जास्त आवडतो. एकचक्रा नगरी, ठरलेली पाळी, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडी घेऊन जाणारा माणूस. कुठे राहतो, काय हवं, कधी हवं, सगळं कथेतच आहे. फक्त स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरच्या आकड्यांचा तक्ता) तुला लावायचा आहे, आणि तो पुस्तकातल्या एखाद्या ओगरचा किंवा हिल जायंटचा घेतलास तरी चालेल.

तर खरेदीचं. आकड्यांसाठी आत्ता पैसे घालवू नकोस. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा संच, २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे, त्यात शेकडो मॉन्स्टर आहेत. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या ताकदवान मॉन्स्टरांचे स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, पण पहिल्या लेव्हलच्या पार्टीला त्यांची गरजही नाही. पाथफाइंडरचे मॉन्स्टरही 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पैसे १९९३ च्या 'मॉन्स्ट्रस मॅन्युअल'वर घाल. पीडीएफ मिळते आणि छापील नव्या पुस्तकापेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

मग पहिल्या सेशनसाठी सहा गॉब्लिन आणि एक म्होरक्या घे. त्यांना त्या रात्री काय हवं आहे आणि निम्मे पडले की उरलेले कुठे पळणार, हे अर्ध्या पानात लिहून मला पाठव. वाचून लगेच कळवतो.

तुझा,
दादा