वाचकांचे प्रश्न : बूस्ट कंट्रोलर बसवताना

प्रश्न : जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारला इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवणारं यंत्र) बसवला. डिस्प्लेवर 0.9 बार लावलंय, पण काटा 1.3 पर्यंत उडतो आणि गाडी झटके देऊन राहिली आहे. मेकॅनिक सोलनॉइड (कंट्रोलरचा विजेवर चालणारा हवेचा व्हॉल्व्ह) बदला म्हणतो. बदलू का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : इतक्यात नको. झटके बहुधा इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) देतोय. बूस्ट त्याच्या मर्यादेबाहेर गेला की तो इंधन तोडतो. त्याने ते केलं म्हणून पिस्टन शाबूत आहेत.

कंट्रोलर स्वतः बूस्ट तयार करत नाही. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्टला टर्बो टाळून वाट देणारं दार, आणि ॲक्चुएटर म्हणजे हवेच्या दाबाने ते उघडणारा डबा. त्या ॲक्चुएटरला मिळणारी हवा कंट्रोलर मध्येच अडवतो, म्हणजे वेस्टगेट उशिरा उघडतं. म्हणून आधी ड्युटी (सोलनॉइड किती टक्के वेळ चालू राहतो ते) 0 टक्के करून गाडी चालवून पाहा. या वेळी बूस्ट ॲक्चुएटरच्या स्प्रिंगएवढाच यायला हवा. स्प्रिंग 0.5 बारची असेल आणि काटा 0.5 ला थांबला, तर नळ्या बरोबर आहेत, सेटिंग चुकलंय. त्याहून वर गेला तर नळ्या चुकल्यात.

मग सोलनॉइड काढून हातात घ्या आणि करंट न देता तोंडाने फुंका. कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या पोर्टातून हवा ॲक्चुएटरच्या पोर्टात जायला हवी, मोकळा पोर्ट (बाहेरच्या हवेत उघडणारा) बंद हवा. 12 व्होल्ट दिले की ‘टक’ आवाज येऊन ॲक्चुएटरचा पोर्ट मोकळ्या पोर्टाला जोडला जातो. जोडणी अशी असली म्हणजे वायर तुटली तरी बूस्ट स्प्रिंगवर उतरतो. उलटी असेल तर तुमच्यासारखं होतं. पोर्टांचे 1-2-3 आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे आकड्यांपेक्षा फुंकरीवर भरवसा ठेवा.

नळ्या बरोबर निघाल्या तर ॲक्चुएटरच्या जुन्या नळीत बोट दाबून पाहा. बऱ्याच गाड्यांत आत बारीक भोकाची पितळी गोळी असते. तीन पोर्टांचा सोलनॉइड लावताना ती काढायची राहिली की ॲक्चुएटरपर्यंत हवा हळू पोचते आणि काटा आधी उडतो, मग खाली येतो.

आणि ॲक्चुएटर थेट कॉम्प्रेसरला जोडूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहिला, तर वेस्टगेटचं भोक छोटं पडतंय. ते कंट्रोलरने सुटणार नाही, टर्बोचं हाउसिंग उघडावं लागेल.

प्रश्न : किट आणून ठेवलंय. सोलनॉइड कुठे लावायचा, वायरिंग कुठून घ्यायची? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सोलनॉइड ॲक्चुएटरच्या जवळ हवा, पण टर्बोच्या झळीत नको आणि इंजिनवर तर नकोच, तिथे थरथरीने मरतो. फेंडरच्या आतल्या पत्र्यावर, पोर्ट खाली करून लावा, म्हणजे तेल साचत नाही. 4 मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी घ्या, शक्यतो फूटभराच्या आत ठेवा, आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावा. लांब नळीने बूस्ट वरखाली डोलतो.

ॲक्चुएटरसाठी हवा कॉम्प्रेसरच्या तोंडावरून, पण डिस्प्लेच्या सेन्सरसाठी थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) मारू नका. ती टी सुटली की बूस्टमध्ये इंधन कमी पडतं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. करंट इग्निशनवर चालू होणाऱ्या 12 व्होल्टवरून, किटच्या पुस्तिकेत लिहिलेल्या फ्यूजमधून. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात नको. जोड क्रिंप करा किंवा सोल्डर. नुसत्या टेपचा गोंद नागपूरच्या मे महिन्यात वितळून ओघळतो आणि जोड उघडा पडतो. गाडीचा मूळ सोलनॉइड नळ्यांतून काढला तरी त्याचा प्लग लावलेलाच ठेवा, नाहीतर चेक लाइट पेटतो.

प्रश्न : बूस्ट किती ठेवावा? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ढोबळ नियम असा की स्प्रिंगच्या दुपटीपलीकडे कंट्रोलरकडून नीट ताबा राहत नाही. 0.5 ची स्प्रिंग असेल तर 1 बार. पण त्याआधी इंधन पुरतंय का हे मोजा. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) न लावता बूस्ट वाढवणं आम्हाला मान्य नाही. फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.80 च्या आसपास हवा (इंधन पुरतं जळायला नेमकी लागेल तेवढी हवा म्हणजे लॅम्डा 1, त्याखाली इंधन जास्त). इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर 14.7 वाला आकडा (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) फसवतो, म्हणून मीटर लॅम्डावरच ठेवा.

ड्युटी 20 टक्क्यांपासून सुरू करून दोन-तीन टक्क्यांनी वाढवा, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये. पहिल्या गिअरला लोडच येत नाही. हे डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) करा. समृद्धी कितीही सरळ असली तरी ती ट्यूनिंगची जागा नव्हे. ओव्हरबूस्टची मर्यादा (जिथे कंट्रोलरने बूस्ट तोडायचा) ठरवलेल्या बूस्टच्या 0.1 ते 0.15 बार वर ठेवा.

आणि दोनदा तपासा. मेच्या 45 अंशांपेक्षा डिसेंबरच्या 12 अंशांत हवा दहा टक्क्यांहून जास्त दाट असते. ठरावीक ड्युटीवर चालणाऱ्या कंट्रोलरचा बूस्ट थंडीत आपोआप वर सरकतो. उन्हाळ्यात उलट धोका, गरम हवेने नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं). तेव्हा 0.1 बार कमीच ठेवा. प्लगचा गॅप 1 मिलिमीटर असेल तर 0.7 पर्यंत आणा, नाहीतर वाढीव दाबात ठिणगी विझते.

प्रश्न : आरटीओची अडचण येते का? – एक वाचक, सदर

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी किंवा कंपनीने ठरवलेल्या घडणीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघाताच्या दाव्यात हाच मुद्दा निघतो. रस्त्यावरच्या गाडीत हे काम करण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारा.

प्रश्न : नव्या टर्बो हॅचबॅकला हेच किट बसेल का? – एक वाचक, हिंगणा

उत्तर : बॉनेट उघडून ॲक्चुएटरकडे पाहा. त्याला रबरी नळीऐवजी नुसता वायरचा प्लग असेल, तर तो मोटरवर चालतो. तिथे अडवायला हवाच नाही. बूस्ट बदलायचा असेल तर इसीयूच्या सॉफ्टवेअरमधूनच. किट परत करा.