आम्लात राहणारा, पण आम्लप्रिय नसलेला जिवाणू

प्रश्न : जठरातले आम्ल अन्नाबरोबर आलेले जंतू मारते, असे आपण शाळेत शिकतो. मग हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तेथे वर्षानुवर्षे कसा टिकतो? शिवाय त्यावरील उपचारात प्रतिजैविकांबरोबर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही देतात. त्यामुळे जिवाणूचे आयतेच फावत नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुळात हा जिवाणू आम्लप्रिय नाही. उपाशीपोटी जठररसाचा पीएच (आम्लतेचे माप; ७ म्हणजे उदासीन, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) १ ते २ च्या आसपास असतो आणि युरिया मिळाला नाही, तर एवढ्या आम्लात तोही मरतो. त्याची सारी भिस्त युरीएज या विकरावर (एन्झाइमवर) असते. जठररसात थोडा युरिया असतोच. त्याचे विघटन होऊन जो अमोनिया तयार होतो, तो आत शिरणाऱ्या आम्लाचे उदासिनीकरण करतो. जिवाणूच्या एकूण प्रथिनांपैकी दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा या एकट्या विकराचा असू शकतो, यावरून त्याची निकड कळावी.

पण अमोनिया बेसुमार झाला, तर पेशीतला पीएच वाढून जिवाणू स्वतःच्याच शस्त्राने मरेल. त्यावरची तोड मला या यंत्रणेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्याच्या आतल्या पटलात युरीआय नावाची एक प्रथिन-वाहिनी असते; बाहेरची आम्लता वाढली की ती उघडते आणि युरिया झपाट्याने आत येतो, तर बाहेरचा पीएच उदासीनतेकडे सरकला की ती मिटते. जनुके कार्यान्वित होऊन नवे विकर तयार होईपर्यंत थांबण्याची गरज पडत नाही.

अर्थात तो मुक्काम ठोकतो तो आम्लात नव्हे. अमोनियामुळे भोवतालचा चिकट श्लेष्म (बुळबुळीत स्राव) पातळ होतो आणि कशाभिकांच्या (शेपटीसारख्या तंतूंच्या) जोरावर त्यातून पोहत जिवाणू जठराच्या अस्तराजवळ पोहोचतो, जेथे पीएच ७ च्या जवळपास असतो.

आता गोळ्यांविषयी. आम्ल कमी झाल्यावर जिवाणूंचे विभाजन वाढू शकते, ही आपली शंका रास्त आहे. मात्र या उपचारातले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक पेशीभित्तिका बांधण्याच्या कामातच अडथळा आणत असल्यामुळे विभाजन पावणाऱ्या जिवाणूंवरच ते प्रभावी ठरते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक तर तीव्र आम्लात लवकर निकामी होते. म्हणून आम्ल उतरवणे औषधांच्याच पथ्यावर पडते. मात्र आम्ल कमी करणाऱ्या याच गोळ्यांमुळे युरिया श्वास चाचणीत (श्वासावरून या जिवाणूचा शोध घेणाऱ्या चाचणीत) जिवाणू असूनही निष्कर्ष नकारात्मक येऊ शकतो, त्यामुळे चाचणीपूर्वी साधारण दोन आठवडे त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात.