पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी फाइल का मावत नाही?

प्रश्न : जुन्या संगणकावरील सुमारे 200 जीबी छायाचित्रे व चित्रफिती घरातल्याच नव्या संगणकावर न्यायच्या आहेत. पेनड्राइव्ह रिकामा असूनही मोठ्या चित्रफिती त्यात उतरत नाहीत. काय करावे?

उत्तर : आपला पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला (म्हणजे फाइली साठवण्यासाठी त्या पद्धतीने आखलेला) असावा, त्या पद्धतीत कोणतीही एक फाइल 4 जीबीपेक्षा लहानच असावी लागते, मग जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केल्यास ही अडचण दूर होते, मात्र त्यातील आधीचे सर्व काही पुसले जाते.

तरीही एवढ्या साठ्यासाठी पेनड्राइव्हच्या खेपा घालण्यापेक्षा दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडून जुन्या संगणकावरील फोल्डर शेअर करणे मला अधिक सोयीचे वाटते. गिगाबिट (सेकंदाला एक अब्ज बिट क्षमतेच्या) केबल जोडणीवर सेकंदाला साधारण 110 एमबी वेग मिळतो, म्हणजे हे काम अर्ध्या तासाच्या आसपास उरकते. अर्थात जुनी हार्ड डिस्क मंद असेल किंवा लहान लहान फाइली हजारोंनी असतील, तर वेळ बराच वाढतो. वायफायवरही हे जमते, फक्त धीर हवा. फाइली ‘कट’ न करता ‘कॉपी’च कराव्यात आणि दोन्हीकडची संख्या जुळल्याशिवाय मूळ प्रती पुसू नयेत.