जुन्या पुस्तकाचं ई-रीडर कव्हर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे ६.८ इंची किंडल पेपरव्हाइट ई-रीडर आहे. डेमी आकाराच्या जाड पुस्तकात खोबण कोरून त्यात ते ठेवायचं आहे. कडेला पानांची चौकट किती रुंद ठेवू? – एक वाचक, सांगली

डेमी पुस्तक यासाठी घेऊ नका. २०२१ सालचं ६.८ इंची पेपरव्हाइट १७४ × १२५ मिमी आहे, जाडी ८ मिमी. लांबी-रुंदीत दोन-दोन मिमी मोकळीक धरली तर खोबण १७६ × १२७ मिमी होते. डेमीचं पान साधारण १४० मिमी रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंच्या चौकटींना मिळून उरले फक्त १३ मिमी! कण्याकडे १५ आणि बाकी तिन्ही बाजूंना १२ मिमी तरी हवेत, नाहीतर दप्तरात दाब पडला की चौकट चिरते. त्यामुळे पान किमान १५४ मिमी रुंद लागेल. डेमीहून मोठ्या, रॉयल आकाराचं पुस्तक शोधा आणि विकत घेण्याआधी पट्टी लावून बघा. २०२२ सालचं साधं सहा इंची किंडल (१५८ × १०९ मिमी) मात्र डेमीत जेमतेम बसतं.

खोलीचा हिशेब वेगळा. रीडरचे ८ मिमी, तळाच्या फेल्टचा (नमद्यासारख्या जाड, मऊ कापडाचा) दीड आणि वर एक मिमी मोकळा, म्हणजे साडेदहा ते अकरा मिमी. नेहमीच्या छपाईच्या कागदाचे ११०-१२० ताव एवढे भरतात, म्हणजे २२०-२४० पानं. तळाला वीस-पंचवीस ताव न कापलेले राहू द्या. त्यामुळे पुठ्ठ्यावरचा दाब थेट रीडरच्या पाठीला लागत नाही. एकूण तीनशे पानांचं पुस्तक बरं.

आणि पुस्तक निवडताना कृपा करून एवढं बघा, की ते कुणाला वाचायला लागणार नाही. कालबाह्य डिरेक्टरी, जुने कर-कायद्यांचे संग्रह, संचातले सुटे राहिलेले खंड रद्दीत ढिगानं मिळतात. दुर्मीळ झालेलं ललित पुस्तक कापू नका. शंका असेल तर आधी जवळच्या ग्रंथालयात दाखवा.

प्रश्न : कडांना फेविकॉल लावल्यावर पानं लाटांसारखी फुगली आणि पुस्तक मिटेना. शिवाय खोबण वर बरोबर, पण तळाशी अरुंद झाली. दोन्ही का झालं? – एक वाचक, नाशिक

फुगण्याचं कारण पाणी. फेविकॉल पातळ केला की तो दोन पानांच्या फटीत शिरतो, कागद ओला होऊन पसरतो आणि वाळताना वाकडा होतो. तीन भाग फेविकॉलला एक भाग पाणी, त्याहून पातळ नको. ब्रश जवळजवळ कोरडा करून बाहेरच्या तिन्ही कडांवर फिरवा, पण त्याआधी पानांचा गठ्ठा दाबून धरलेला असला पाहिजे. पहिली चार-पाच पानं आणि दोन्ही पुठ्ठे बटर पेपर घालून वेगळे ठेवा. ती वरची पानं पुढे खोबणीचं झाकण होतात. वर पाटी ठेवून पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवा आणि रात्रभर हलवू नका. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. जे पुस्तक आत्ता फुगलं आहे ते सरळ होणार नाही, त्यावर आणखी फेविकॉल लावू नका.

तळाशी अरुंद होण्याचं कारण कटरचा कल. पहिल्या पानावर आखलेली रेघ पाच-सहा तावांनंतर कापून जाते. मग आपण वरच्या भिंतीला धरून कापतो, पातं किंचित आत झुकतं आणि प्रत्येक थराला अर्धा-अर्धा मिमी आत सरकत जातो. खोबणीच्या नेमक्या मापाचा दोन मिमी पुठ्ठ्याचा तुकडा आधीच करून ठेवा. दर वीस तावांनी तो खोबणीत सोडा. कुठे अडकला तर तेवढीच भिंत सरळ करून पुढे जा. स्टीलची पट्टी भिंतीला टेकवून पातं अगदी उभं धरा, एका वेळी पाच-सहा तावांपेक्षा जास्त नाही, आणि कापताना कागद ओरबाडल्यासारखा वाटला की पात्याचं टोक मोडून नवं घ्या. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि कोपऱ्यात कागद फाटतो. पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत कधीच नकोत.

कोरून झालं की आतल्या भिंतींना फेविकॉलचा एक पातळ हात. हे करताना रीडर आत ठेवून ‘माप बसवणं’ टाळा; चिकटला तर चार्जिंगचं तोंड बुजतं. चोवीस तासांनी फेल्ट लावा, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

प्रश्न : कोरलेलं पुस्तक प्रवासात जड वाटतं. नुसते पुठ्ठे वापरून करता येईल का? – एक वाचक, ठाणे

येईल, आणि रोज वापरायला तेच जास्त चांगलं. डेमीचं कोरलेलं तीनशे पानी पुस्तक रीडर न धरता तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. नुसते पुठ्ठे, कापड आणि इलॅस्टिक मिळून त्याच्या निम्मं. शिवाय ६.८ इंची रीडरही डेमीच्या पुठ्ठ्यात सहज बसतो.

इथे मात्र पुस्तक बारीक घ्या. रीडर ८, खालचा पुठ्ठा २, फेल्ट आणि कापड मिळून दोन, म्हणजे कणा आतून १२-१३ मिमी हवा. जाड कादंबरीचा ३० मिमी कणा घेतला तर झाकण सैल पडतं आणि रीडर आत हिंदकळतो.

पुस्तक उघडून पुठ्ठा आणि पानं यांच्या सांध्यात कटर हलकेच फिरवा. चिकटलेलं कोरं पान आणि त्याखालची जाळी कापायची, बाहेरचं कापड नाही. ते कापलं गेलं तर बिजागरीच गेली. पानांचा गठ्ठा सुटल्यावर कण्याच्या आत बाइंडिंगच्या कापडाची पट्टी लावा, दोन्ही पुठ्ठ्यांवर २५-२५ मिमी चढेल अशी. पट्टी सांध्याच्या खाचेत बोटानं दाबून बसवा आणि वाळण्याआधी कव्हर दोन-तीनदा मिटून उघडा. ताणून लावलेली पट्टी कव्हर मिटू देत नाही.

रीडरपेक्षा चारी बाजूंनी तीन मिमी मोठा पुठ्ठा कापून कापडात गुंडाळा. कोपऱ्यापासून २० मिमीवर तिरप्या चिरा देऊन सहा मिमी रुंद चपटं इलॅस्टिक ओवा, टोकं मागे दोन-दोन सेंटिमीटर चिकटवा आणि पूर्ण वाळल्यावर हा पुठ्ठा मागच्या कव्हरवर बसवा. इलॅस्टिक जेमतेम ताणलेलं असावं. पेपरव्हाइटचं बटण खालच्या कडेला असतं, त्यावर इलॅस्टिक आलं तर रीडर पिशवीत आपोआप चालू-बंद होत राहतो. काही जुन्या रीडरांमध्ये स्पर्श ओळखायला पडद्याच्या कडेनं अवरक्त किरण असतात. तिथे इलॅस्टिक पडद्याच्या चौकटीच्या आत आलं की पानं आपोआप उलटतात.

प्रश्न : कव्हर मिटलं की पडदा झोपावा, यासाठी लोहचुंबक कुठे लावायचा? – एक वाचक, कोल्हापूर

रीडर चालू ठेवून दहा मिमी व्यासाची, एक मिमी जाड निओडिमियम चुंबकाची चकती पडद्याच्या कडेकडेनं हळू फिरवा. पडदा झोपला ती जागा सापडली. कुठेच काही होत नसेल तर चकती उलटी करून पुन्हा फिरवा, आणि सेटिंगमध्ये ही सोय बंद नाही ना, तेही बघा. पुढच्या पुठ्ठ्याच्या आत, त्या जागेसमोर चकतीएवढा खड्डा कोरून ती पृष्ठभागाच्या बरोबरीत बसवा आणि वर कापड लावा. पृष्ठभागाबाहेर अर्धा मिमीही नको. बहुतेक ई-इंक पडद्यांच्या आत पातळ काच असते, आणि दाब एका बिंदूवर आला की तीच तडकते. म्हणूनच पुढच्या पुठ्ठ्याच्या आत पेनासाठी कप्पा, बटण किंवा जाड शिवण करू नये.

प्रश्न : फेविकॉलऐवजी घरची खळ चालेल? – एक वाचक, रत्नागिरी

तुमच्याकडच्या दमट हवेत नको. पिठाच्या खळीला कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. जुने बाइंडर तीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. रोज हातात धरायच्या वस्तूला नको. पुस्तकाला आधीच कुबट वास असेल किंवा उघडल्यावर भुगा पडत असेल तर तेही घेऊ नका. दोन दिवस उन्हात ठेवून वास कमी होतो, पण पुठ्ठ्याच्या आतली बुरशी पहिल्या पावसात परत येते.