धर्म कसे पसरले : कोणी नेले, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या आधारावर

तासगावच्या एका विद्यार्थ्याने स्पर्धा परीक्षेची तयारी करताना असे विचारले आहे की, जगातील प्रमुख धर्म, त्यांचे संस्थापक आणि धर्मग्रंथ यांचे तक्ते सगळीकडे मिळतात. परंतु काही धर्म जगभर गेले आणि काही आपल्या जन्मभूमीपाशीच का राहिले, आणि धर्म तलवारीच्या जोरावर पसरतात हे नेहमी कानावर पडणारे विधान कितपत खरे आहे, याचे उत्तर एका जागी सापडत नाही. मी सांगली जिल्ह्यात अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे आणि हा प्रश्न मला तक्त्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उदाहरणे शक्य तेथे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली घेतो, कारण ती एस.टी.ने जाऊन प्रत्यक्ष पाहता येतात.

आकडे आधी उरकून घेऊ. आजच्या अंदाजांनुसार जगात ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुस्लिम सुमारे २०० कोटी आणि हिंदू सुमारे १२० कोटी आहेत. बौद्धांची मोजणी अवघड आहे, कारण चीन आणि जपानमध्ये एकच माणूस बौद्ध मंदिरातही जातो आणि ताओ किंवा शिंतो देवस्थानातही जातो, आणि विचारले तर आपण कोणत्याच धर्माचे नाही असेही सांगतो. शीख अडीच ते तीन कोटी, ज्यू दीड कोटीच्या आसपास आणि जैन पन्नास लाखांच्या आसपास आहेत. हे आकडे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक धर्माला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवेन : तो कोणी नेला, कोणत्या वाटेने नेला, आणि नेणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय कोणी केली. यांपैकी तिसरा प्रश्न बहुतेक पुस्तकांत येत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक उलगडा त्यानेच होतो.

कराडजवळ जखिणवाडीच्या वर आगाशिवच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्यासारखे कोरीवकाम तेथे नाही; लहान खोल्या, त्यांत झोपण्यासाठी खडकातच कोरलेले ओटे, काही ठिकाणी स्तूप असलेले चैत्यगृह, एवढाच मामला आहे. पण त्या ओट्याकडे नीट पाहिले की बौद्ध धर्माच्या प्रसाराची सारी व्यवस्था समजते. भिक्षू आठ महिने फिरत असत आणि पावसाळ्यात वर्षावासासाठी एका जागी राहत असत. त्यांना शेती करायची मुभा नव्हती, म्हणजे डोंगराखालच्या गावाने रोजची भिक्षा दिली तरच डोंगरातला विहार चालणार. कराड हे कोकणातली बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या वाटेवरचे व्यापारी गाव होते, आणि मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’ म्हणजे कराडच्या नगराने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावाने इतक्या दूरच्या स्तूपाला दान पाठवले, ही गोष्ट मला आजही थक्क करते. बौद्ध धर्म ज्या वाटेने गेला ती व्यापाऱ्यांची वाट होती, आणि त्याचा खर्चही मोठ्या प्रमाणात त्यांनीच उचलला.

हेच चित्र पुढे आशियाभर दिसते. सम्राट अशोकाने इ. स. पू. तिसऱ्या शतकात राजाश्रय दिला आणि परंपरेनुसार त्याचा पुत्र महेंद्र श्रीलंकेत गेला. परंतु चीनपर्यंतची मजल गंधार आणि मध्य आशियातल्या व्यापारी शहरांतून, भिक्षू आणि सौदागर यांच्या सोबतीने मारली गेली. मध्य आशियातल्या कुचा येथील कुमारजीव इ. स. ४०१मध्ये उत्तर चीनमधल्या चांगआनला पोहोचला आणि तेथे राजाच्या खर्चाने त्याने बौद्ध ग्रंथांची भाषांतरे केली. कोरियात हा धर्म ३७२मध्ये आणि तेथून सहाव्या शतकात जपानमध्ये पोहोचला. चीनमध्ये मोठी अडचण होती ती अशी की, घरदार सोडून भिक्षू होणे हा तेथील कुटुंबसंस्थेच्या दृष्टीने पूर्वजांविरुद्धचा अपराध मानला जाई. तेव्हा मृत पूर्वजांच्या कल्याणासाठी विधी करण्याचे काम विहारांनी अंगावर घेतले आणि धर्म घराघरांत रुजला. भारतात मात्र उलटे घडले. दान देणारे राजे आणि श्रेणी, म्हणजे व्यापारी-कारागिरांचे संघ, कमी होत गेले, विहार थोड्या मोठ्या केंद्रांत एकवटले, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदेसारखी केंद्रे उद्ध्वस्त झाल्यावर गावपातळीवर धर्म सांभाळणारे फारसे कोणी उरले नव्हते. भारतात तो मोठ्या संख्येने परत आला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, ज्यांचे शालेय शिक्षण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घालून सुरू झाले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. आणि या वेळी त्याचा आधार राजा किंवा व्यापारी नव्हता, तर कष्टकरी माणसांची घरे होती.

जैन धर्म त्याच काळातला, त्याच प्रदेशातला, तरी तो समुद्रापार गेला नाही. याचे एक कारण साधूंच्या आचारात आहे : जैन मुनी वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात, त्यामुळे जहाजाने जाणे त्यांच्या व्रतात बसत नव्हते. पण जेथे तो गेला तेथे तो टिकला, कारण मुनी आणि श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, यांचे नाते रोजच्या आहारदानाने घट्ट बांधलेले होते आणि गृहस्थांनाही स्वतःची व्रते होती. कर्नाटकातल्या गंग आणि राष्ट्रकूट राजांच्या आश्रयाने दिगंबर परंपरा बळावली आणि तिचीच वस्ती आपल्याकडे कृष्णा-वारणेच्या काठावर दिसते. जैन म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पेढीवरचा व्यापारी येतो. वाळवा आणि मिरज तालुक्यांत मात्र जैन म्हणजे ऊस आणि हळद पिकवणारा शेतकरी. १८९९मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली ती याच समाजातून, आणि साताऱ्यातून रयत शिक्षण संस्था वाढवणारे कर्मवीर भाऊराव पाटीलही याच समाजातले.

हिंदू धर्माला एक संस्थापक नाही आणि धर्मांतराची एकच ठरलेली रीतही नाही, म्हणून तो पसरला नाही असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून व्यापारी आणि त्यांच्यामागून ब्राह्मण आग्नेय आशियात गेले, आणि तेथील राजांनी त्यांना राज्याभिषेकासाठी, कालगणनेसाठी व शासनलेखांसाठी आपणहून ठेवून घेतले. बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेले अंकोरवाट हे मुळात विष्णूचे मंदिर आहे. तथापि हा धर्म राजदरबारावर अवलंबून असल्याने दरबार बौद्ध किंवा मुस्लिम झाला की तो ओसरला, आणि जेथे गावकऱ्यांच्या देवळांत व पाणीवाटपाच्या व्यवस्थेत तो मुरला होता, त्या बालीत तो राहिला. दुसरा प्रसार वेगळ्याच कारणाने झाला. १८३४पासून ब्रिटिशांनी मॉरिशसला आणि पुढे त्रिनिदाद, गयाना, फिजी येथे करारबद्ध मजूर नेले. त्यांत आपले कोकणी-मराठी लोकही होते आणि मॉरिशसमधले मराठी लोक आजही गणेशोत्सव करतात.

ख्रिस्ती धर्माविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की तो युरोपचा धर्म आहे. त्याची पहिली वाट रोमन साम्राज्यातल्या ज्यू सभास्थानांची होती. इ. स. ७०मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ज्यू वस्त्या भूमध्य समुद्राभोवती पसरलेल्या होत्या. त्या वस्त्या, रोमन रस्ते आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा यांच्या आधारे प्रेषित पॉल आणि इतर प्रचारक फिरले. ३१३मध्ये धर्मस्वातंत्र्य मिळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, या धर्माच्या पाठीशी रोमची सत्ता नव्हती. उलट अधूनमधून छळच होता. चौथ्या शतकात आर्मेनिया आणि इथिओपियातले अक्सुम यांचे राजे ख्रिस्ती झाले. इराणमधले ख्रिस्ती धर्मोपदेशक ६३५मध्ये चीनच्या राजधानीत पोहोचल्याचा उल्लेख ७८१च्या शिलालेखात आहे. त्या वेळी उत्तर आणि पूर्व युरोपचा बराच भाग अजून ख्रिस्ती झालेला नव्हता. कीव्हचा राजा व्लादिमिर तर ९८८मध्ये बाप्तिस्मा घेतो. १४९२नंतर अमेरिका खंडात जे झाले ते मात्र सैन्य, रोगराई आणि मिशन या तिहींचे मिळून झाले, आणि आजचे जवळजवळ निम्मे कॅथलिक त्या खंडात राहतात याचे मूळ तेथे आहे.

आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिशन हॉस्पिटल उभे केले आणि मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ओळखले जाऊ लागले. पिढ्यान्पिढ्या लाखो लोक तेथे बरे झाले, तरी जिल्ह्यातली ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्पच राहिली. धर्माची संस्था आणि धर्माची संख्या या दोन गोष्टी सोबतच वाढतात असे नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

आता तलवारीच्या प्रश्नाकडे येतो. इस्लामच्या संदर्भात राज्याचा विस्तार आणि धर्माचा प्रसार या दोन वेगळ्या घटना मानल्याशिवाय काहीच समजणार नाही. ६३२मध्ये पैगंबरांचे निधन झाल्यानंतर शंभर वर्षांच्या आत अरबांचे राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत गेले, हे खरे आहे आणि ते सैन्याने झाले. परंतु इजिप्त आणि इराणमधली बहुसंख्य प्रजा मुस्लिम व्हायला त्यानंतर काही शतके लागली. सुरुवातीच्या उमय्यद घराण्याच्या अधिकाऱ्यांना तर धर्मांतराची घाई नव्हतीच, कारण त्याने बिगरमुस्लिमांवरचा जिझिया कर बुडत होता. काही ठिकाणी मुस्लिम झालेल्यांकडूनही तो कर वसूल केला जात असे आणि खलिफा दुसरा उमर याने (७१७ ते ७२०) ती पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. दुसरीकडे, आज सर्वाधिक मुस्लिम ज्या देशांत आहेत त्यांत अग्रभागी असलेल्या इंडोनेशियात बाहेरून कोणतेही मुस्लिम सैन्य देश जिंकायला गेले नाही; तेथे गुजरात, अरबस्तान आणि दक्षिण भारतातले व्यापारी गेले, पंधराव्या शतकात मलाय द्वीपकल्पावरच्या मलाक्का बंदराचा दरबार मुस्लिम झाला आणि त्या बंदराशी व्यवहार ठेवणारी इतर बंदरे मागोमाग आली.

भारताचा नकाशाही हेच सांगतो. शतकानुशतके सत्तेचे केंद्र असलेल्या दिल्ली-आग्र्याच्या पट्ट्यापेक्षा सत्तेपासून दूरच्या पूर्व बंगालात मुस्लिम लोकसंख्या कितीतरी जास्त झाली, कारण मोगल काळात तेथे जंगल तोडून भातशेती उभी राहिली आणि अनेक नव्या वसाहतींचे पुढारपण पीर-फकिरांकडे होते. आपला भागही पाहावा. साताऱ्याचा किल्ला १६७३मध्ये शिवाजी महाराजांकडे येईपर्यंत या मुलखावर दीड शतकाहून अधिक काळ आदिलशाही होती, आणि तरीही २०११च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांत मुस्लिमांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी आहे. त्या काळाने मागे ठेवले ते कराडच्या मशिदीचे उंच मनोरे आणि मिरजेचा ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा, जेथे उरुसाला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गायकांची हजेरी लागते. कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत उचलायला हिंदूंचे खांदे असतात, ते आपल्याकडे कोणाला नवीन नाही.

याचा अर्थ बळजबरी झालीच नाही असा कोणी काढू नये. फ्रँक राजा शार्लमेनने सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा लादला, गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय चालले, देवळे आणि विहार फोडले गेले. पण मला जे दिसते ते असे की, जोरजबरदस्तीने धर्म रुजवण्यापेक्षा उखडण्याचे काम अधिक यशस्वी झाले आहे. स्पेनने १४९२मध्ये ज्यूंना आणि १६०९नंतर बाप्तिस्मा दिलेल्या मुस्लिमांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढले, म्हणजे लादलेल्या धर्मांतरावर स्वतः लादणाऱ्यांचाच विश्वास नव्हता. अर्थात उखडण्यालाही मर्यादा असते : जपानने १६१४मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, आणि तरीही १८६५मध्ये नागासाकीत गुप्तपणे श्रद्धा जपलेली ख्रिस्ती कुटुंबे पुढे आली.

शीख धर्माबद्दल एवढेच सांगतो की पंजाबबाहेरचा त्याचा प्रसार मुख्यतः सैन्यातल्या नोकऱ्या आणि स्थलांतर यांतून झाला, आणि आपल्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. उलट्या बाजूचे उदाहरण म्हणून मानी पंथ अवश्य वाचा. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात जन्मलेला हा धर्म उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पोहोचला होता आणि आठव्या शतकात उइघुर या तुर्की लोकांच्या खानाने तो स्वीकारलाही होता, पण रोम, इराण आणि चीन या तिन्ही ठिकाणी त्याच्यावर बंदी आली, उइघुरांचे राज्य ८४०मध्ये कोसळले आणि त्याला पोसणारे कोणी उरले नाही.

वाचनासाठी वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश पुरेसा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या त्या कामात धर्मविषयक नोंदी विशेष काळजीने लिहिलेल्या आहेत आणि इंटरनेटवर त्या विनामूल्य वाचता येतात. नोंद वाचताना शेजारी नकाशा उघडा ठेवा आणि चांगआन, कुचा, अक्सुम, मलाक्का ही चार ठिकाणे आधी शोधून काढा. मुख्य परीक्षेच्या उत्तरात संस्थापक आणि ग्रंथ एका वाक्यात आटोपून उरलेली जागा वाट आणि आश्रय यांना द्यावी, आणि प्रत्येक धर्मासाठी अपेक्षेविरुद्ध जाणारे एक तरी ठिकाण, जसे बाली, पूर्व बंगाल किंवा अक्सुम, कारणासह लिहावे.